देनारियसवरील मुद्रा : नगरदेवतेपासून सम्राटापर्यंत

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे सैन्य इटलीत ठाण मांडून बसले होते आणि युद्धाच्या खर्चापायी रोमची जुनी चांदीची नाणी हीणकस होत चालली होती, अशा बिकट काळात, इ.स.पू. २११ च्या सुमारास, रोमने आपले चलन मुळापासून बदलले आणि ‘देनारियस’ नावाचे जवळजवळ शुद्ध चांदीचे नवे नाणे चालू केले. सुमारे साडेचार ग्रॅम वजनाच्या आणि जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाच्या या नाण्याची किंमत ‘आस’ या कांस्य नाण्याच्या दहापट ठरवण्यात आली होती आणि ती सर्वांना कळावी म्हणून दर्शनी बाजूवरील मस्तकाच्या मागे दहाचा रोमन अंक ठसवलेला असे. पुढे वजन उतरून ३.९ ग्रॅमच्या घरात स्थिरावले, इ.स.पू. १४१ च्या सुमारास एका देनारियसचे सोळा आस झाले, तरी हे नाणे साडेचारशे वर्षे रोमन व्यवहाराचा कणा राहिले. रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रंथावरून देनारियसचा आरंभ पूर्वी इ.स.पू. २६९ मध्ये मानला जात असे. सिसिलीतील मॉर्गान्तिना या नगराच्या उत्खननात, हॅनिबलविरुद्धच्या याच, म्हणजे दुसऱ्या प्युनिक, युद्धातील विध्वंसाच्या थरात या मालिकेची कोरी करकरीत नाणी मिळाली आणि हा काळ सुमारे साठ वर्षांनी पुढे आला.

नाण्यावरची मुद्रा दोन कामे करते. धातूचे वजन आणि कस यांची हमी देणे हे पहिले काम, आणि ही हमी देण्याचा अधिकार कोणाचा आहे हे सांगणे हे दुसरे. देनारियसच्या इतिहासात पहिले काम फारसे बदलले नाही. दुसऱ्या कामात मात्र इतकी उलथापालथ झाली की प्रथम नगर, मग घराणी आणि शेवटी एकच माणूस असा रोमन सत्तेचा सारा प्रवास त्या चांदीच्या चकतीवर क्रमाने वाचता येतो.

आरंभीच्या देनारियसवर बोलणारे असते ते केवळ नगर. दर्शनी बाजूला पंखांचे शिरस्त्राण घातलेली रोमा ही नगरदेवता, आणि मागील बाजूला भाले सरसावून घोडे फेकत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव, ज्यांनी प्राचीन काळी रेजिलस सरोवराच्या लढाईत रोमनांना साहाय्य केले अशी श्रद्धा होती. त्यांच्या खाली ‘रोमा’ एवढीच अक्षरे. नाणे कोणी पाडले, त्या वर्षी सत्तेवर कोण होते, याचा मागमूसही नसतो. पुढील काही दशकांत जुळ्या देवांच्या जागी दोन किंवा चार घोड्यांच्या रथात उभी असलेली लूना, व्हिक्टोरिया किंवा ज्युपिटर यांसारखी दैवते येऊ लागली, तरी सूर तोच राहिला.

नाणी पाडण्याचे काम कॅपिटोलिन टेकडीवरील जूनो मोनेता या देवतेच्या मंदिरालगतच्या टांकसाळीत चाले, आणि ते कसे चाले याचा उत्तम पुरावा एका नाण्यानेच जपला आहे. इ.स.पू. ४६ मध्ये तितुस कारिसियुस याने पाडलेल्या देनारियसच्या एका बाजूला मोनेता देवीचे मस्तक आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐरण, सांडशी, हातोडा आणि लोहारांचा देव व्हल्कन याची टोपी अशी टांकसाळीतली अवजारे मांडलेली आहेत. पुढच्या बाजूचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे, त्यावर ठरावीक वजनाची चांदीची चकती ठेवली जाई, मागच्या बाजूचा ठसा असलेली छिन्नी वर धरून तिच्यावर हातोड्याचा घाव घातला जाई, आणि एका घावात दोन्ही बाजूंच्या मुद्रा उमटत. हात किंचित हलला तर मुद्रा चकतीच्या कडेला सरके. म्हणून एकाच जोडीच्या ठशांतून निघालेली दोन नाणीसुद्धा हुबेहूब सारखी नसतात, आणि देवतेच्या नाकाचा शेंडा किंवा लेखातले शेवटचे अक्षर चकतीबाहेर गेलेली नाणी सर्रास आढळतात. ठशावरची आकृती उलटी आणि खोल कोरावी लागे. दोन सेंटिमीटरांच्या आत घोड्यांच्या लगामापर्यंतचे बारकावे उलट्या बाजूने कोरणाऱ्या या कारागिरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, ही या विषयाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

ज्यांची नावे उरली ते टांकसाळीचे अधिकारी होते. दरवर्षी साधारणतः तीन तरुणांचे मंडळ या कामावर नेमले जाई. ही राजकीय कारकिर्दीची खालची पायरी होती आणि त्या पायरीवर उभे राहणारे तरुण बहुधा सरदार घराण्यांतले असत. प्रथम त्यांनी एखादे चिन्ह किंवा एकदोन अक्षरे घातली, मग संक्षिप्त नाव, आणि इ.स.पू. १३५ च्या आसपासपासून थेट आपल्या पूर्वजांचे पराक्रम. रोममध्ये कन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, मतदानाने ठरत. नाव लोकांच्या तोंडी असणे तेथे मोलाचे होते, आणि पूर्वजांचे नाव हजारो हातांतून फिरवण्याचे याहून प्रभावी साधन दुसरे नव्हते. पुढच्या शंभर वर्षांची नाणी ही देनारियसच्या इतिहासातली सर्वांत समृद्ध नाणी आहेत, कारण सम्राटांच्या काळात कलाकुसर वाढली तरी विषयांचे असे वैविध्य पुन्हा कधी दिसले नाही.

लूकियुस तितुरियुस साबिनुस याचे इ.स.पू. ८९ चे नाणे घ्यावे. साबिन या जमातीशी आपल्या कुळाचे नाते आहे असे नावातूनच सांगणाऱ्या या अधिकाऱ्याने एका बाजूला साबिन राजा तातियुस याचे दाढीधारी मस्तक घेतले, आणि दुसऱ्या बाजूसाठी एकाहून अधिक दृश्ये निवडली. एकात दोन रोमन सैनिक साबिन स्त्रियांना उचलून पळवून नेत आहेत. दुसऱ्यात तार्पेया आहे, जिने सोन्याच्या लोभाने शत्रूला रोमच्या गडाची वाट दाखवली आणि त्याच शत्रूने जिला ढालींच्या राशीखाली चिरडले. ती कमरेपर्यंत ढालींत गाडली गेली आहे, दोन्ही हात वर उचललेले आहेत, दोन बाजूंनी दोन सैनिक आपल्या ढाली तिच्यावर टाकण्याच्या बेतात आहेत, आणि वर चंद्रकोर व तारा आहे. नखाएवढ्या जागेत एक संपूर्ण दंतकथा तिच्या निर्णायक क्षणी थांबवून दाखवण्याची ही किमया आहे. मामिलियुस घराण्याची मजल तर ट्रॉयच्या युद्धापर्यंत गेली: इ.स.पू. ८२ च्या त्यांच्या देनारियसवर काठी टेकत वीस वर्षांनी घरी परतलेला युलिसीस आणि त्याला ओळखणारा त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस दिसतो, कारण युलिसीसच्या मुलापासून आपला वंश सुरू झाला असे हे घराणे मानत होते.

सगळेच विषय पुराणातले नव्हते. पुब्लियुस लिकिनियुस नेर्वा याच्या इ.स.पू. ११३ च्या सुमाराच्या नाण्यावर मतदान चालू आहे: उंच केलेल्या अरुंद मार्गावर एक नागरिक खाली उभ्या असलेल्या सेवकाकडून मतपट्टिका घेत आहे आणि दुसरा आपली पट्टिका पेटीत टाकत आहे. त्याआधी काही दशकांपूर्वीच, इ.स.पू. १३९ पासून, कायद्यांनी गुप्त मतदान आणले होते आणि ते सामान्य नागरिकाच्या स्वातंत्र्याचे लक्षण मानले जाई. प्राचीन जगातल्या मतदानाचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच मिळते. फाउस्तुस सुल्ला याने इ.स.पू. ५६ मध्ये आपल्या पित्याचा विजय दाखवला. उंच आसनावर बसलेल्या सुल्लासमोर मॉरिटानियाचा राजा बोक्कुस गुडघे टेकून ऑलिव्हची फांदी देत आहे आणि मागे हात बांधलेला नुमिडियाचा राजा युगुर्था आहे. पितापुत्रांमधले अंतर येथे जवळजवळ पुसले गेले आहे. पुराणपुरुष, मग पूर्वज, मग बाप. आता जिवंत माणूस नाण्यावर येण्यास फार अवकाश उरला नव्हता.

याच शतकात मुद्रेचा शस्त्रासारखाही वापर झाला. रोमचे नागरिकत्व नाकारले गेल्यामुळे इटलीतील मित्रजमातींनी इ.स.पू. ९१ मध्ये बंड केले, तेव्हा त्यांनी देनारियसच्याच वजनाची आपली नाणी पाडली, रोमाच्या जागी ‘इटालिया’ देवतेचे मस्तक घातले, आणि एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांखाली तुडवताना दाखवला. काही नाण्यांवर लॅटिनऐवजी त्यांच्या ऑस्कन भाषेतील लेख आहे. नाण्याचे वजन शत्रूचे आणि मुद्रा स्वतःची, या निवडीतच त्या युद्धाचे मर्म आहे, कारण बंडखोरांना रोमच्या व्यवस्थेतून बाहेर पडण्यापेक्षा तिच्यात बरोबरीचे स्थान हवे होते.

इ.स.पू. ४४ च्या आरंभी रोमच्या टांकसाळीने ज्युलियस सीझरच्या मस्तकाचे देनारियस पाडले. जिवंत रोमन व्यक्तीची प्रतिमा राजधानीच्या नाण्यावर येण्याची ही पहिलीच वेळ होती. डोक्यावर पानांचा मुकुट, सुरकुतलेली मान, आणि काही नाण्यांवर ‘आजीवन हुकूमशहा’ या अर्थाचा लेख. मागील बाजूला सीझरच्या कुळाची मूळमाता मानलेली व्हीनस देवी. त्याच वर्षी १५ मार्चला त्याची हत्या झाली. हत्येच्या कटातील प्रमुख मार्कुस ब्रुटस याने दहा वर्षांपूर्वी, टांकसाळीचा अधिकारी असताना, ‘लिबेर्तास’ म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आणि राजेशाही संपवणारा आपला पूर्वज लूकियुस ब्रुटस यांच्या मुद्रा वापरल्या होत्या. त्यामुळे त्याच्याकडून काय अपेक्षित होते हे रोमकरांच्या खिशातच होते.

इ.स.पू. ४३-४२ मध्ये सैन्याबरोबर पूर्वेकडे फिरणाऱ्या टांकसाळीत ब्रुटसने पाडलेला देनारियस हा प्राचीन नाण्यांतला बहुधा सर्वांत प्रसिद्ध आहे. मागील बाजूला दोन खंजीर, त्यांच्यामध्ये एक गोल टोपी, आणि खाली ‘१५ मार्च’ दर्शवणारी संक्षिप्त अक्षरे. गुलामाला मुक्त करताना अशी टोपी देण्याची प्रथा होती, तेव्हा खंजिरांनी प्रजेला गुलामीतून सोडवले असा सरळ अर्थ होतो. दोन्ही खंजिरांच्या मुठी वेगवेगळ्या कोरल्या आहेत, म्हणजे ते दोन निरनिराळ्या व्यक्तींचे आहेत. इतिहासकार कॅसियस डिओ याने या नाण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे, असे भाग्य फार थोड्या नाण्यांना लाभले. परंतु या नाण्याचे खरे मोल त्याच्या दर्शनी बाजूवर आहे, कारण तेथे ब्रुटसचे स्वतःचे मस्तक आहे. ज्या गोष्टीसाठी सीझर राजा होऊ पाहतो असे म्हटले गेले, तीच गोष्ट त्याला मारणाऱ्याने दोन वर्षांत केली. सैनिकांचा पगार देणाऱ्याचा चेहरा सैनिकांना दिसला पाहिजे, ही गरज तत्त्वावर मात करून गेली, आणि प्रजासत्ताक वाचणे शक्य नव्हते याचा याहून बोलका पुरावा ग्रंथांतही सापडणे कठीण आहे.

सीझरचा सहकारी मार्क अँटनी याने, ज्या लढाईत तो ऑगस्टसकडून हरला त्या ॲक्टियमच्या लढाईपूर्वी, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, आपल्या सैन्यासाठी पाडलेल्या देनारियसवर एका बाजूला युद्धनौका आणि दुसऱ्या बाजूला दोन ध्वजदंडांमधील गरुड व त्या त्या पलटणीचा क्रमांक आहे. त्यांत चांदीचा कस थोडा कमी होता, म्हणून चांगली नाणी लोकांनी साठवली आणि ही चलनात फिरत राहिली. दोनशेहून अधिक वर्षांनंतर पुरलेल्या साठ्यांतही ती गुळगुळीत झालेल्या अवस्थेत मिळतात. पराभूत सेनापतीची नाणी त्याला हरवणाऱ्याच्या साम्राज्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली.

ॲक्टियमचा विजेता आणि रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने मुद्रांचा उपयोग अतिशय विचारपूर्वक केला. इजिप्त जिंकल्यावर त्याच्या देनारियसवर मगर आली आणि ‘इजिप्त हस्तगत’ असा लेख आला. इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅसस याच्या पराभवात गमावलेले ध्वज पार्थियनांनी इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटीने परत केले, तेव्हा गुडघे टेकून ध्वज देणारा पार्थियन नाण्यावर दाखवून त्या राजनैतिक तडजोडीला रणांगणावरील विजयाचे रूप देण्यात आले. सैनिकाचा वार्षिक पगार या काळात २२५ देनारियस होता आणि तो तीन हप्त्यांत मिळे, म्हणजे ऱ्हाईनकाठच्या छावणीतल्या शिपायापर्यंत सम्राटाचा चेहरा वर्षातून तीनदा नक्की पोहोचत होता. यानंतर दर्शनी बाजू सम्राटाची किंवा त्याच्या घरच्यांची झाली आणि मागील बाजूवर ऑलिव्हची फांदी धरलेली शांती, तराजू धरलेली न्याय्यता, धान्याची कणसे धरलेली अन्नपुरवठ्याची देवता अशा मूर्तिमंत गुणांची रांग लागली. दर्शनी लेखातील संक्षिप्त अक्षरांत सम्राटाची पदे आणि ती किती वेळा मिळाली याचे आकडे असतात, त्यांवरून अनेक नाण्यांचे नेमके वर्ष काढता येते. इतिहासकाराला ही नाणी अमोल आहेत, पण पाहणाऱ्याला त्यांत पूर्वीचे नवल उरत नाही. सम्राट हेड्रियनची प्रांतमालिका हा सुखद अपवाद होय: सम्राटाने पायाखाली घातलेल्या प्रांतांची ही जणू चित्रमय यादी आहे आणि तीत हिस्पानियाच्या पायाशी चक्क एक ससा बसलेला आहे. सम्राट ट्राजननेही जुने झिजलेले चलन वितळवले तेव्हा त्यातील अनेक जुन्या घराण्यांच्या मुद्रा आपल्या नावाने पुन्हा पाडून घेतल्या; त्या नाण्यांचे ऐतिहासिक मोल त्याच्या दरबारातही ओळखले गेले होते, हे त्यावरून दिसते.

मुद्रा जितक्या भरघोस झाल्या, तितका धातू रोडावत गेला. नीरोने इ.स. ६४ मध्ये एका रोमन पौंडातून ८४ ऐवजी ९६ देनारियस पाडण्यास आरंभ केला आणि कसही उतरवला. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्याच्या आसपास आली. काराकालाने इ.स. २१५ मध्ये किरणांचा मुकुट घातलेल्या सम्राटाचे नवे नाणे काढले. त्याची किंमत दोन देनारियस ठरली असे मानले जाते, पण वजन दीड देनारियसएवढेच होते. २४० नंतर देनारियस नियमितपणे पाडणे थांबले, आणि २७० च्या सुमारास त्या नव्या नाण्यातही चांदीचा नुसता मुलामा उरला.

साम्राज्याच्या सीमेबाहेर मुद्रेचा अर्थ वेगळा होता. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की जर्मन जमाती जुनी, ओळखीची नाणीच घेत, त्यांतही कडेला करवतीसारखे दात कापलेली आणि दोन घोड्यांच्या रथाची. प्लिनीने लंकेची हकीकत दिली आहे: सम्राट क्लॉडियसच्या काळात वाऱ्याने भरकटून तेथे पोहोचलेल्या एका रोमन माणसाजवळच्या देनारियसवर वेगवेगळे चेहरे असूनही सर्वांचे वजन सारखे आहे, हे पाहून तेथील राजाला रोमन प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले. चेहरा कोणाचा आहे याच्याशी त्या राजाला कर्तव्य नव्हते.

दक्षिण भारतातील साठे हीच गोष्ट सांगतात. तमिळनाडूतील कोइमतूरचा परिसर, तेलंगणातील अक्कनपल्ली, केरळातील इय्याल येथील साठ्यांत चांदीच्या नाण्यांपैकी दोन प्रकार इतके प्रबळ आहेत की बाकीचे नगण्य ठरावेत. पहिला ऑगस्टसचा, त्यावर त्याचे नातू गायुस आणि लूकियुस ढाली-भाले घेऊन उभे आहेत. दुसरा टायबेरियसचा, त्यावर हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री आहे. दोन्ही मुख्यतः आजच्या फ्रान्समधील लियों येथे पाडलेले. नीरोने वजन घटवल्यानंतरचे देनारियस येथे फार विरळ आढळतात, त्यावरून भारतीय व्यापारी मुद्रा पाहून कस ओळखत आणि जुनीच नाणी पसंत करत, असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासक काढतात. इय्यालला तर ही नाणी भारतीय आहत नाण्यांच्या, म्हणजे चिन्हे ठोकून उमटवलेल्या चांदीच्या नाण्यांच्या, सोबतच पुरलेली होती.

महाराष्ट्र आणि गुजरातची गोष्ट निराळी आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात सोन्याचांदीचे देनारियस येतात आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा होतो असे म्हटले आहे, तसेच पैठण आणि तेर या व्यापारपेठांचाही उल्लेख आहे. परंतु दक्षिणेसारखे देनारियसचे मोठे साठे येथे मिळत नाहीत. ही चांदी वितळवून क्षहरात क्षत्रप नहपान याची नाणी पाडली गेली असावीत, हे त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. नहपानाच्या नाण्यावर राजाचे मस्तक आणि भोवती मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांचा लेख आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती, काही ठिकाणी अगदी नहपानाच्या गालावर. नंतरच्या सातवाहन राजांनी स्वतःच्या मस्तकाची चांदीची नाणी काढली. तेर येथे रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके मिळाली आहेत, त्यांना ओवण्यासाठी छिद्रे किंवा कड्या आहेत, म्हणजे येथे सम्राटाचा चेहरा दागिना झाला होता.

हे सारे कळले ते साठे जसेच्या तसे मोजले गेले म्हणून. एका सुट्या देनारियसवरून तो कोणी पाडला एवढेच समजते. तो येथे कधी आणि कशासाठी आला हे त्याच्यासोबत कोणती नाणी किती होती, मडके कसले होते आणि ते कोणत्या शेतात, किती खोल होते यावरून ठरते. सोनाराच्या मुशीत गेलेल्या साठ्यांचा हा पुरावा कायमचा गेला आहे. नांगरताना किंवा पाया खणताना अशी नाणी हाती लागली, तर ती चिंच किंवा आम्ल लावून घासू नयेत, वाटून घेऊ नयेत, आणि १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना तत्काळ लेखी कळवावे.